वैशाखातला रियाज आणि मुंबईच्या रीड

आखाजी होऊन चारेक दिवस झाले, आणखी चार दिवसांनी सखाराम महाराजांचा रथ, अमळनेरात सगळीकडे यात्रेची गडबड, बोरीच्या पात्रात पाळणे उभे राहायला लागलेत. आणि मी रोज पहाटे पाचला उठून वरच्या खोलीत ओबो, म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं पाश्चात्य लाकडी वाद्य, घेऊन बसतेय. पाचलाच, कारण नऊनंतर त्या पत्र्याच्या खोलीत माणूस बसू शकत नाही, लाकडी वाद्य तर लांबच राहिलं.

परीक्षा जवळ आलीय म्हणून मुंबईहून येताना चार चांगल्या रीड, म्हणजे ओबोच्या तोंडाला लावून फुंकायच्या पत्त्या, घेऊन आले होते. माझ्या ओबोच्या सरांनी तपासून दिलेल्या, तिथे मस्त वाजायच्या, खालचा सी (पाश्चात्य सप्तकातला एक स्वर) सुद्धा अलगद यायचा. इथे आल्यावर पहिल्याच सकाळी चारही रुसल्या. दोन पात्यांच्या कडांमधून हवा निसटतेय, टोक वाजवता वाजवताच कोरडं पडतंय, सूर चढतोय आणि वरचे नोट्स किंचाळतायत. सरांना फोन केला तर म्हणाले, अगं तिथली हवा वेगळी, जिथे वाजवायचं तिथेच रीड घासायची. मुंबईची हवा इतकी दमट की तिथे रीड फुगते, उघडी राहते, आणि आमच्याकडे वैशाखात धुतलेला कपडा अर्ध्या तासात कडक होतो, तर त्या बारीकशा वेताचं काय होत असेल. शिवाय गरम हवेत कुठल्याही फुंकवाद्याचा सूर वर सरकतोच, कारण गरम हवेत आवाजच जोरात पळतो. म्हणजे पिच चढला यात माझ्या ओठांचा दोष थोडाच होता, हे कळल्यावर फार बरं वाटलं.

म्हणून आता निम्मा रियाज म्हणजे सुरी हातात घेऊन बसणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ओबोला दोन पात्यांची रीड लागते, आपल्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांना एकच. तिचा वेत, म्हणजे खरं तर बोरूसारखा पोकळ नळ, जगभरातले बहुतेक वादक दक्षिण फ्रान्समधल्या वार भागातला मागवतात. तो आतून कोरून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरासा जाड ठेवतात, आकार देऊन मधोमध दुमडतात, धातूच्या छोट्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधतात आणि मग टोक कापून दोन पाती वेगळी करतात. त्यानंतर खरं काम सुरू. दोन पात्यांच्या मध्ये पत्र्याची पातळ जीभ सरकवायची आणि सुरीने घासायचं, टोक सगळ्यात पातळ, त्याच्या मागे थोडं मांस ठेवायचं, परत मागे हलकं करायचं. टोकाला तर एक हात जास्त पडला तर रीड गेली. मी उजेडासमोर धरून बघते, पातळ भागातून पिवळसर उजेड आरपार येतो, जाड भाग गडद दिसतो, दोन्ही बाजूंची सावली सारखी पडली की समजायचं जमतंय. मग नुसती रीड ओठात धरून फुंकायची, ती क्रो करते, म्हणजे खरखरीत आवाज देते, त्यात वरचा आणि खालचा सी दोन्ही एकदम ऐकू आले पाहिजेत.

आणि एवढं करून ती टिकते किती, रोज वाजवलं तर आठ-पंधरा दिवस.

लाकडाची काळजी वेगळीच. माझा ओबो सरांचा जुना, आफ्रिकन ब्लॅकवूडचा, आणि या लाकडाला अचानक गरम-थंड झालेलं किंवा फार कोरडी हवा अजिबात चालत नाही, वरच्या जॉइंटला, म्हणजे वाद्याच्या वरच्या तुकड्याला, उभी चीर पडते. त्यामुळे वाजवायच्या आधी वरचा जॉइंट थोडा वेळ हातात धरून, काखेत धरून कोमट करायचा, वाजवून झालं की रेशमी कापड आतून ओढून ओल काढायची. केसमध्ये मोसंबीची साल ठेवते, परदेशातले जुने वादक संत्र्याची ठेवायचे, आमच्याकडे या दिवसांत मोसंबी मिळते. रात्री केस कुलरच्या खोलीत, पण हवेच्या झोताखाली नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, खानदेशात कोणी नवीन सुरुवात करत असेल तर त्याने लाकडी घेऊच नये, रेझिनचा घ्यावा, तो तडकत नाही. आवाजात थोडा फरक पडेल, पण शिकणाऱ्या पोराने चिरेच्या धास्तीत का वाजवावं.

आजी रोज खालून विचारते, "काय करी ऱ्हायनी वं माय, दम कोंडाय जाई ना!" तिला वाटतं फार जोर लागतो म्हणून दम लागत असेल, पण उलट आहे. रीडचं तोंड इतकं बारीक की हवा जातच नाही, छातीत शिल्लक राहते, शिळी होते आणि तीच गुदमरवते. म्हणून दोन ओळींच्या मधल्या छोट्या जागेत आधी श्वास सोडायचा, मग घ्यायचा, आणि कधी कधी एका जागी नुसता सोडायचा आणि पुढच्या जागी घ्यायचा, हे पेन्सिलीने कागदावर लिहून ठेवायचं. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसने 1945 मध्ये लिहिलेल्या ओबो कॉन्चेर्टोत (ओबो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेत) सुरुवातीलाच 56 बार, म्हणजे तालाचे 56 खाने, ओबोला विश्रांती नाही. तो मला आत्ता वाजवायचाही नाहीये, पण लाँग टोन करताना तेच डोक्यात असतं. एक सूर, अगदी हळू सुरू, वाढवायचा, परत विरवायचा, आणि पिच हलू द्यायचा नाही. बोटांचे स्केल करायला मजा येते, लाँग टोनला येत नाही, पण ज्या दिवशी ते नीट होतात त्या दिवशी पुढचं सगळं सरळ येतं.

परवा गल्लीतले सनईवाले काका वर आले, लग्नाच्या तिथीला दोन तास मोकळे होते म्हणून. ओबोच्या चाव्यांकडे त्यांनी बघितलंही नाही, आधी रीड मागितली, नखाने टोक दाबलं, कानाजवळ नेऊन फुंकली. त्यांची पत्ती ताडाच्या पानाची, जास्तीच्या पत्त्या आणि पत्ती उघडायची सुई दोऱ्याने सनईलाच लटकवलेली असते. मी एकाच बैठकीत रीड संपवायला बघतेय हे त्यांना पटेना, म्हणाले "ते एक दिनमां नही व्हत पोरी." थोडं घासायचं, वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत भिजवून बघायचं, चार-पाच एकदम चालू ठेवायच्या. सरांनी हेच सांगितलं होतं, पण त्यांच्या हातात पत्ती बघितल्यावर ते पटलं. त्यांचा सूर बोटं सरकवून आणि ओठांनी घसरत जातो, मला चाव्यांमुळे तेवढं मोकळं नाही, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली अर्धं भोक उघडता येतं आणि बाकी सगळं ओठांवर. ते निघून गेल्यावर मी बराच वेळ नुसत्या ओठांनी सूर अर्धा पडदा खाली उतरवून परत वर आणायचा प्रयत्न करत बसले, आणि दुपारपर्यंत ओठ सुजले तरी थांबावंसं वाटेना.

मला मनापासून वाटतं की हे वाद्य आपल्याकडे शिकवलं गेलं पाहिजे. आपल्याकडे गावोगावी बँडवाले आहेत, लग्नसराईत रात्र रात्र फुंकणारी पोरं आहेत, त्यांचा दम आणि कान दोन्ही तयार असतात, आणि ओबोचं नावसुद्धा त्यांनी ऐकलेलं नसतं. वाद्य महाग आहे, वेत बाहेरून येतो, शिकवणारे मुंबईत, हे सगळं खरं. पण एक जण शिकून परत आला तर पुढचे चार शिकतील, आणि तो एक जण मी व्हावं असं मी आत्तापर्यंत कोणाला बोलले नव्हते, इथेच पहिल्यांदा लिहितेय.

आता पाच रीड चालू आहेत, त्यातली तिसरी आज बऱ्यापैकी बोलली. उद्या परत भिजवून टोक अगदी थोडं घ्यायचंय, मग खालचा बी फ्लॅट ते सी जिभेने अलगद सुरू करून सरांना रेकॉर्डिंग पाठवायचं. अडखळला नाही तर परीक्षेच्या तयारीला हीच, नाहीतर चौथी आहे.