निळी गोधडी

९ फेब्रुवारी २०१५, सोमवार. आम्ही तेव्हा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलला राहायचो. आदल्या रात्री राज्याचे सरन्यायाधीश रॉय मूर यांनी प्रोबेट न्यायाधीशांना (तिथे काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, विवाह परवाने हेच देतात) फर्मावलं होतं की समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने द्यायचे नाहीत. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचा निकाल मात्र उलट. मग काय, एका काउंटीत परवाना मिळतोय, दुसरीत खिडकीच बंद! आमच्या मॅडिसन काउंटीत मिळत होता.

माझी शेजारीण सत्तरीची, चर्चमध्ये पियानो वाजवायची. २००६ साली अशा लग्नांवर बंदी घालणारी राज्याची घटनादुरुस्ती झाली, तेव्हा ८१ टक्के मतं बंदीच्या बाजूने पडली. "त्यात माझंही होतं," असं तिनेच सांगितलं. "बायबलमध्ये हे बसत नाही," त्या सोमवारी संध्याकाळी ती कुंपणापाशी म्हणाली. मी गप्प. (मला आमच्या घरातले गोत्रावरून झालेले वाद आठवत होते, पण ते तिला कुठे समजावत बसू?)

२६ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. देशभर मान्यता. तरी अलाबामातल्या काही काउंट्यांनी सगळ्यांचेच परवाने बंद ठेवले, स्त्री-पुरुष जोडप्यांचेसुद्धा. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय!

त्याच वर्षी शेजारणीच्या भाच्याची पत्रिका आली. नवरदेव दोन. चर्चमध्ये ती कुणाला बोलली नाही, मला मात्र विचारलं, "भेट काय देऊ?" मग दोन महिने बसून तिने तुकडे जोडून रजई शिवली, अगदी आपल्या गोधडीसारखी, निळी. लग्नाला गेली नाही. पोस्टाने पाठवली.