एकाच दुपारी तपासलेली दोन जठरे

मी विकृतिशास्त्रज्ञ असून शस्त्रक्रियेत काढलेले अवयव तपासणे हे माझे रोजचे काम आहे. तरीही एका दुपारी ग्रॉसिंग टेबलावर, म्हणजे काढलेले अवयव मोजून-कापून पाहतो त्या टेबलावर, लागोपाठ आलेली दोन जठरे मला आजही स्पष्ट आठवतात. दोन्ही रुग्णांच्या कागदांवर निदान एकच होते, जठराचा कर्करोग.

पहिली गाठ खालच्या टोकाला, अन्न आतड्यात उतरते त्या दाराजवळ होती. तिथली वाट मुळातच अरुंद असल्याने सकाळी खाल्लेले संध्याकाळी उलटून पडू लागले आणि रुग्ण डॉक्टरांकडे आला. भोवतीचे अस्तर झिजून पातळ झाले होते, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या जुन्या संसर्गात बहुधा दिसते तसेच. जठराचा वरचा भाग राखता आला होता, आणि मी शोधलेल्या २२ लसीका ग्रंथींपैकी केवळ एकीत कर्करोग आढळला.

दुसरे जठर संपूर्ण काढलेले होते, सोबत अन्ननलिकेचा खालचा तुकडा. अन्ननलिका जठराला मिळते त्या संगमाखाली भिंत जाड, पांढुरकी आणि कडक झाली होती व गाठ बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचली होती. या बाईंनी कित्येक महिने आम्लपित्त समजून गोळ्या घेतल्या होत्या. घास अडकू लागला तेव्हा कुठे एंडोस्कोपी झाली. वरच्या भागातल्या गाठी अनेकदा अशाच मोठ्या आणि खोलवर गेलेल्या अवस्थेत सापडतात, आणि त्यांचे भवितव्य सरासरीने खालच्या गाठींपेक्षा वाईट असते. यातला बराचसा फरक उशिरा झालेल्या निदानाचा आहे, असे मला वाटते, कारण रुग्ण किती जगेल हे सर्वांत जास्त ठरते ते गाठीची खोली आणि बाधित ग्रंथींची संख्या यांवरून.

माझी खरी अडचण मोजमापाची होती. गाठ संगमापर्यंत पोहोचलेली असून तिचा मध्य संगमाखाली २ सेंटिमीटरच्या आत असेल, तर टीएनएम या कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या पद्धतीच्या आठव्या आवृत्तीनुसार तिचा टप्पा अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या तक्त्याने ठरतो. त्यापलीकडे असेल तर जठराच्या. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीने गाठ आकसली होती आणि ऊती टिकवण्याच्या फॉर्मॅलिन द्रावणात त्याही आकसतात, त्यामुळे टेबलावरच्या पट्टीवर मला विसंबता येईना. मी सर्जनना फोन करून पहिल्या एंडोस्कोपीचा अहवाल मागवला. त्यात गाठीचा मध्य संगमाखाली ३ सेंटिमीटरवर नोंदवला होता. टप्पा जठराच्या तक्त्याने लावला. अन्ननलिकेकडची कड मोकळी, म्हणजे कर्करोगाच्या पेशींविना, निघाली, आणि हे सर्जनना सांगताना मला मनापासून बरे वाटले; ग्रंथींपैकी मात्र सात बाधित होत्या.

सर्जननी सांगितले की, संपूर्ण जठर गेल्यामुळे बाईंना आता जन्मभर बी-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागतील, कारण ते जीवनसत्त्व शोषून घ्यायला लागणारा घटक जठराच्या वरच्या भागातच तयार होतो. राहिलेली केमोथेरपी त्या पेलू शकतील का, याची काळजी सर्जनच्या आवाजात जाणवत होती.