काका, प्लीज

तीन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकतोय. सांगण्यासारखं खरं तर काहीच नाही. हिला सांगितलं तर ती मटार सोलता सोलता इतकी हसली की ताट कलंडलं.

रविवारी शोले बघायला गेलो. तोच, आत्ता धुऊनपुसून आणलेला, न कापलेला, जुन्या शेवटाचा. जूनमध्ये तिकडे इटलीत बोलोन्याच्या चौकात दाखवला तेव्हापासून मी दिवस मोजत होतो, इकडे डिसेंबर उजाडला. बापू येणार होता पण त्याचं गुडघ्याचं निघालं, मग एकटाच. सकाळचा शो, हातात चहाचा कागदी कप, आजूबाजूला बरीचशी माझ्याच वयाची मंडळी. सुरुवातीला ते दोन घोडेस्वार स्टेशनवरून निघतात, खाली पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, गिटार सुरू होतं आणि मग तो फ्रेंच हॉर्न. तिथेच माझे डोळे भरले. लाज वाटायचं कारण नाही, अंधार होता.

मग गब्बरचा सीन आला. दगडांवरून बूट चालतायत, पट्टा घासत येतोय, कालिया घाबरलाय, सगळं व्यवस्थित. गब्बर वर बघून सांभाला विचारायला लागला आणि त्याचा प्रश्न अर्धाही झाला नव्हता तोवर माझ्या तोंडून 'पूरे पचास हजार' बाहेर पडलं. चांगलं खणखणीत. सांभाच्या आधी. अख्ख्या हॉलमध्ये त्या क्षणी मी एकटा बोलत होतो.

पुढच्या ओळीतली एक मुलगी वळली. बावीस-तेवीसची असेल. रागावलेली वगैरे नव्हती, तेच तर. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, 'काका, प्लीज,' आणि परत पुढे बघायला लागली.

बस्स. एवढंच झालं.

आता मला हे कळत नाहीये की यातलं लागलं काय. काका लागलं का प्लीज लागलं. काका म्हणण्याचं वय होऊन गेलं, भाजीवाला म्हणतो, बँकेतली पोरं म्हणतात, मला काही होत नाही. प्लीजमध्ये पण वाईट काय आहे. पण दोन्ही एकत्र आले की काहीतरी वेगळंच होतं. पेशंटला म्हणतात तसं. उतारवयात हातून काही सांडलं की घरचे म्हणतात तसं.

त्या रात्री मी मनातल्या मनात तिला बरीच उत्तरं दिली. की बाई गं, लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाला हा सिनेमा पाच वर्षं चालला, तीन वर्षं रेग्युलर आणि पुढे मॅटिनीला, तिथे काय लोक तोंडाला कुलूप लावून बसायचे? की पॉलिडॉर कंपनीने या सिनेमाच्या डायलॉगची वेगळी रेकॉर्ड काढली, नुसत्या डायलॉगची, लोकांनी घरी बसून ऐकावी म्हणून, आणि ती पानाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत वाजली. म्हणजे कंपनीने विकले म्हणून मी पाठ केले, आणि आता 50 वर्षांनी मलाच गप्प बसवतात. की सांभाला त्या सिनेमात एकच वाक्य आहे असं जे सगळे म्हणतात ना, तेही चूक आहे, पत्ते खेळताना चिडीच्या राणीवरून तो जंगाला बोलतो, ते दुसरं वाक्य तुला माहीत तरी आहे का. असली उत्तरं. रात्री दीडपर्यंत. ही म्हणाली झोपा आता, सांभा झोपला.

पण मुद्दा तो नाही. मला बोलल्याचं वाईट वाटत नाहीये, मी चुकलो त्याचं वाटतंय. हॉलमध्ये बाकीचे पण पुटपुटत होते की! माझ्या शेजारचे गृहस्थ तर मौसीच्या सीनला अख्खं स्थळ सांगून मोकळे झाले, त्यांना कुणी काही बोललं नाही, कारण ते पडद्याबरोबर होते. मी आधी बोललो. चाळीसेक वर्षं जो सिनेमा मला तोंडपाठ आहे असं मी लोकांना सांगत आलोय, त्यात मी आधी बोललो.

का, ते मला सोमवारी आंघोळ करताना कळलं.

कॅसेट.

एलपी काही आमच्या घरी नव्हती, ती गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर लागायची. 80 किंवा 81 साल असेल. घर मांडवाच्या बरोबर समोर. बापूने शेजाऱ्यांचा दुबईचा टेपरेकॉर्डर आणला, खिडकीत उशीवर ठेवला, त्यात साठची कोरी कॅसेट घातली आणि सगळ्यांना सांगितलं की आता अर्धा तास कुणी हलायचं नाही. त्यामुळे आमच्या शोलेत गर्दी आहे, कुत्रं आहे, आईने खाली ठेवलेल्या कळशीचा आवाज आहे, आणि गब्बर हसायला लागण्याच्या थोडं आधी मंडळाचा माणूस माइकवर येऊन सांगतो की मांडवाच्या दारात कुणाची तरी लेडीज सायकल आहे ती बाजूला घ्यावी. मग गब्बर हसतो. लहानपणी मला खरंच वाटायचं की तो सायकलवर हसतोय.

असाच दुसऱ्यांदा माइक खरखरला तेव्हा बापू सावध होता, त्याने झटकन पॉज दाबला. पण सोडायला उशीर झाला. त्यामुळे आमच्याकडे गब्बर सांभाला विचारतो 'कितना', मग टक असा एक आवाज, आणि लगेच 'पूरे पचास हजार'. मधलं इनाम, सरकार, सगळं बापूच्या अंगठ्याखाली गेलं. ती कॅसेट आम्ही इतकी वाजवली की रीळ ताणलं गेलं, शेवटी शेवटी ठाकूर दारू प्यायल्यासारखा बोलायचा. माझ्या जिभेवर बसलाय तो हा सिनेमा. खरा सिनेमा मी दोन-तीन वर्षांनी जत्रेत तंबूत पाहिला, मध्ये कनात, इकडे पुरुष तिकडे बायका, आणि तिथे तर अख्खा तंबूच बोलत होता, त्यामुळे माझं मागंपुढं कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. टीव्हीवर बघताना घरचेच असतात, ते कशाला सांगतील. इतक्या वर्षांत कुणी वळून बघितलंच नाही, आणि जिने बघितलं तिला हे सगळं सांगता येत नाही.

या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं ते एकच, एडिटिंगचं, एम. एस. शिंद्यांना. आपला माणूस. ढिगाने शूट केलेल्या फिल्ममधून त्यांनी तो सिनेमा काढला. आणि त्यावर आमच्या बापूने हात फिरवला.

आणखी एक जागा आहे. गब्बर ठाकूरचे हात मागतो त्याच्या जरासं आधी आमच्या कॅसेटमध्ये आण्णा खोकतात. दोनदा, एक मोठा, एक बारका. रविवारी तो सीन आला, मी नकळत थांबलो, आणि त्या जागी काही आलं नाही. स्वच्छ डॉल्बी शांतता.

असो.

तर प्लीजनंतर मी काय केलं, तर ओठ घट्ट मिटून बसलो. रुसूनच. सिनेमा संपेपर्यंत एक अक्षर नाही बोलायचं, बघूच म्हटलं. आणि कबूल करायला जड जातंय, पण गप्प बसल्यावर मला आवाज ऐकू यायला लागले. ठाकूरचं कुटुंब मारतात त्या सीनला तो झोपाळा करकरतो. रिकामा. हे मी वाचलंय, चार लोकांना रंगवून सांगितलंय सुद्धा, की बघा कसं म्युझिक न वापरता नुसत्या कडीच्या आवाजावर सीन उभा केलाय. पण मी स्वतः तो इतका लांबून, डाव्या बाजूने हळूहळू जवळ येताना कधी ऐकलाच नव्हता, कारण आमच्या कॅसेटमध्ये तिथे झांजा आहेत.

आणि माउथ ऑर्गन. खाली जय वाजवत बसलाय, वर राधा एकेक दिवा मालवत जाते. कॅमेरामन द्वारका दिवेचांना मावळतीनंतरचा तेवढाच उजेड पाहिजे होता म्हणून ते एवढंसं घ्यायला 20 दिवस लागले. वाजवलाय भानू गुप्तांनी. मला ती धून येते, म्हणजे मी येते म्हणतो, ही म्हणते शेजारी विचारत होते कुणाला बरं नाहीये का. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या धुनेत मध्ये एक आचका आहे आणि मी तो मुद्दाम घोटून बसवलाय. नाहीये आचका. ती सरळ जाते. तो आमच्या टेपचा पट्टा सरकायचा.

म्हणजे मी पस्तीसेक वर्षं पट्टा वाजवतोय.

इथे मला हसू आलं, एकटंच, तोंड दाबून. पण लगेच ते काका प्लीज परत आठवलं आणि हसू गेलं. असंच चाललंय तीन दिवस.

त्यात मी कव्वालीची वाट बघत होतो! किशोर, मन्ना डे, भूपिंदर आणि स्वतः गीतकार आनंद बक्षी, चौघांच्या आवाजात कव्वाली रेकॉर्ड झाली पण शूटच झाली नाही, हे मला पक्कं माहीत आहे, मीच सगळ्यांना सांगतो, आणि तरी मनात कुठेतरी होतं की न कापलेला म्हणतायत तर सापडली असेल एखाद्या डब्यात. जी काढलीच नाही ती सापडणार कुठून. पण पंचमचं 'महबूबा' संपलं तरी मी आपला वाट बघत.

शेवट मात्र लिहितो, कारण शेवटी गंमत झाली.

शेवट बदललाय हे मला ठाऊक होतंच. आणीबाणीत सेन्सॉरला ते चाललं नाही, माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो म्हणजे काय, म्हणून पोलीस घुसवले, आणि 1975 पासून आपण तेच बघत आलो. मूळचा शेवट मी पाहिलाय पण, खराब प्रिंटमध्ये, सगळं धुरकट. डोक्याला माहीत होतं. जिभेला कुठे माहीत होतं. ठाकूरचे खिळ्यांचे बूट गब्बरच्या अंगावर, आता बस, आता इन्स्पेक्टर येणार, आणि मी रुसवा विसरून त्याच्या वाक्यासाठी तोंड उघडलं. उघडंच राहिलं. कुणी आलं नाही. गब्बर मागे जाऊन खांबाच्या खिळ्यावर पडला आणि मेला. मग ठाकूर रडायला लागला. त्याला डोळे पुसता येत नाहीत हे माझ्या याआधी कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण तो याआधी कधी असा रडलाच नव्हता. वीरू त्याला धरतो. माझ्याकडे तिथे एकही वाक्य नव्हतं, नुसता पॉपकॉर्न न घेतलेल्या माणसासारखा हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

आणि पुढच्या ओळीतून ती मुलगी, चांगली मोठ्याने, 'अरे! पोलीस कुठेयत?'

दोन-चार जण वळले.

मी तिला ताई प्लीज म्हणू शकलो असतो. अगदी तोंडावर आलं होतं. नाही म्हटलं. तेव्हा वाटलं मोठेपणा दाखवला, बाहेर आल्यावर वाटलं चान्स घालवला, आता काय वाटतंय ते नक्की सांगता येत नाही. बाहेर जिन्यावर ती मैत्रिणीला सांगत होती की आमच्या घरी टीव्हीवर लागायचा तेव्हा पोलीस यायचे गं, खरंच यायचे. म्हणजे तिलाही कुणीतरी पाठ करायला लावलाय. मी मागून चाललो होतो. सांगावंसं वाटलं सेन्सॉरचं, आणीबाणीचं, सगळं. मग म्हटलं नको, परत काका म्हणेल.

काल बापूचा फोन आला. गुडघा बरा आहे म्हणाला. कसा वाटला वगैरे काही विचारलं नाही, एकदम, 'सायकल आली का रे?'

म्हटलं नाही.

'कापली?'

'कापली. झांजा पण कापल्या.'

'मग कसला अनकट.' थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला आण्णा? मी म्हटलं तेही नाही. हं म्हणाला.

गुरुवारची दोन तिकिटं काढलीयत. शेवटची ओळ, कडेच्या सीट, त्याला पाय लांब करता येईल अशा. तो तर माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतो.