६२ अधिक ५८ म्हणजे ६२५८

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं वेब ॲप आम्ही जळगावात बसून सांभाळतो. गाड्यांची वजनं, नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) आणि पिलबागेचा (खोडाला फुटलेल्या पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाचा) वेगळा भाव, शेवटी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाची चिठ्ठी. सगळं वेबपॅकवर होतं, म्हणजे कोडच्या फाइल्स एकत्र बांधून ब्राउझरला देणाऱ्या साधनावर. वेबपॅकबद्दल माझी तक्रार नाही, पण आमच्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर सर्व्हर उठायलाच दीड मिनिट लागायचं. मे महिन्यात भरदुपारी लाईट गेली की इन्व्हर्टरवर ते दीड मिनिटही जड जातं.

म्हणून त्याच कामाच्या व्हीट या दुसऱ्या साधनाची पाचवी आवृत्ती घेतली. डेव्हलपमेंटमध्ये ते अख्खं ॲप आधी बांधत नाही. ब्राउझर मागेल ती फाइल तेवढी तयार करून देतं. बाहेरच्या लायब्रऱ्या मात्र त्याच्या आतला ईएसबिल्ड हा प्रोग्राम एकदाच बांधून ठेवतो, आणि तो गो भाषेत लिहिलेला असल्याने झपाट्याने चालतो. सकाळ ‘रिक्वायर’ काढून ‘इम्पोर्ट’ लिहिण्यात आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावं बदलण्यात गेली. मग सर्व्हर दोन सेकंदांत उठला. बिल्डही एका दमात पार पडलं. फार आनंद झाला.

चाचणीची लिंक मुनीमजींना पाठवली. अर्ध्या तासात फोन.

“भाऊ, दोन गाड्या टाकल्या, बासष्ट अन् अठ्ठावन्न क्विंटल. हे सहा हजार दोनशे अठ्ठावन्न दाखवतंय. एवढा माल दोन गाड्यांत मावेल तरी का!”

माझ्या पोटात गोळा आला. याच आकड्यावर पट्टी निघते, आणि पट्टीवर एका घरचे पैसे ठरतात.

वजनाच्या खान्यातून येतं ते अक्षररूप. त्याच आठवड्यात फॉर्म नव्याने लिहिताना त्याचं संख्येत रूपांतर करायचं राहिलं होतं, म्हणून बेरजेऐवजी ६२ला ५८ नुसता चिकटला. आमचा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, म्हणजे कुठली किंमत संख्या आणि कुठली अक्षरं हा प्रकार (टाइप) लिहून ठेवता येणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये; तिथे वजनाचा प्रकार ‘नंबर’ लिहिलेला होता. जुन्या मांडणीत वेबपॅकसोबतच्या टीएस-लोडरने टाइप तपासून बिल्ड तिथेच अडवलं असतं. ईएसबिल्ड टाइप तपासत नाही, नुसते पुसून टाकतो. त्यानेही वेळ वाचतो, आणि व्हीटच्या माहितीपुस्तिकेत टाइप तपासले जात नाहीत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलं नव्हतं.

बिल्डच्या आज्ञेत आधी टीएससी (टाइप तपासणारा टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा कंपायलर), मग व्हीट, असा क्रम लावला. टीएससीने अकरा चुका काढल्या. संध्याकाळपर्यंत एकेक दुरुस्त केली, आणि मुनीमजींना पुन्हा फोन लावला.

“एकशे वीस,” ते म्हणाले. “थांबा, तिसरी गाडी टाकून बघतो.”

मी फोन कानालाच धरून ठेवला.