सेकंडहँड वॅगनआर घेतली, पण डीलरचा एक्स्टेंडेड वॉरंटी प्लॅन घ्यावा का?

सगळं ठरलं होतं, टोकन देऊन झालं होतं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून करून हात दुखायला लागला होता आणि मी मनातल्या मनात पेढे कुठून घ्यायचे याचा विचार करत होते, तेवढ्यात डीलरकडच्या समोरच्या पोराने ड्रॉवरमधून एक्स्टेंडेड वॉरंटीचं एक गुळगुळीत ब्रोशर काढलं. "मॅडम, गाडी जुनी आहे, त्यात एएमटी. उद्या काही झालं तर?"

झालं. तीन महिने गाड्या बघून, घासाघीस करून जो काही कॉन्फिडन्स आला होता तो "उद्या काही झालं तर" या चार शब्दांत गेला.

गाडी म्हणजे २०१९ ची वॅगनआर, १.२ पेट्रोल, एएमटी (क्लचचं पेडल नाही, गिअर आपोआप पडतात), ५२ हजार किलोमीटर चाललेली. २०२५ च्या दसऱ्याला घरी आणली. एएमटी घ्यायचं कारण सरळ आहे, हडपसरहून कामाला जाऊन येऊन डावा गुडघा कामातून गेलाय. पण एएमटीबद्दल लोक घाबरवतात पण फार, ॲक्चुएटर (क्लच-गिअर चालवणारा भाग) जातो, खर्च काढतं, घाटात फसते वगैरे वगैरे. माझं माहेर साताऱ्याचं, म्हणजे खंबाटकी घाट ठरलेलाच, आणि तेव्हा जाताना घाटच चढावा लागायचा. सुट्टीच्या दिवशी तिथे ट्रकच्या मागे रांगेत कसं उभं राहावं लागायचं ते आमच्या बाजूच्या लोकांना सांगायला नको. त्यामुळे ब्रोशर बघून माझ्या डोळ्यासमोर पहिलं चित्र आलं ते हेच, घाटात बंद पडलेली गाडी, मागून हॉर्न आणि गाडीत आई.

प्लॅन दोन वर्षांचा. त्यात सिल्व्हर आणि गोल्ड. गोल्डची किंमत १९,८०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,३६४ रुपये. "आजच घेतला तर". हे "आजच" मला कधी कळलेलं नाहीये, प्लॅन काय भाजी आहे का उद्या सुकायला? मी म्हटलं कागद द्या, घरी वाचते. तो म्हणाला मॅडम सगळं ब्रोशरमध्ये आहे. मी म्हटलं ब्रोशर नको, टर्म्स ॲन्ड कंडिशन्स द्या. मी अकाउंट्समध्ये काम करते, बारीक अक्षरं वाचण्याचाच पगार घेते. दहा मिनिटं शोधाशोध करून त्याने एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली, १४ पानांची.

आधी एक गोष्ट, जी मलाही तोपर्यंत नीट माहीत नव्हती. आपण सगळ्याला सरसकट एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतो, पण यात तीन वेगळे प्रकार असतात. एक, गाडी बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी वाढवून घेणं, ती मूळ वॉरंटी चालू असतानाच, ठरलेल्या मुदतीत घ्यावी लागते. मारुतीची मूळ वॉरंटी २०१९ ला २ वर्षं किंवा ४० हजार किमी होती (२०२४ मध्ये ती ३ वर्षं, १ लाख किमी केली), म्हणजे माझ्या गाडीसाठी ते दार कधीच बंद झालं होतं. दुसरा, सर्व्हिस पॅकेज, म्हणजे ऑइल, फिल्टर, लेबर याचे पैसे आधीच भरून ठेवायचे, त्यात बिघाडाचा काही संबंध नाही. आणि तिसरा हा, जुन्या गाडीवर डीलर विकतो तो. याच्यात वर नाव डीलरचं, पण आत वाचलं तर करार भलत्याच कंपनीशी. क्लेम पास करायचा की नाही ते तीच ठरवणार.

रात्री जेवणं उरकून वाचायला बसले. नवरा म्हणाला, अगं घेऊन टाक ना, मनाची शांती. मी म्हटलं थांब, शांती किती पानांवर संपते ते बघू.

पान ६ वर संपली. "वेअर ॲन्ड टेअरचे पार्ट्स समाविष्ट नाहीत" आणि खाली यादी: ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर, बल्ब, रबरी बुश, बेल्ट, आणि मधेच गुपचूप बसलेली क्लच प्लेट. एएमटी म्हणजे काही वेगळा जादूचा गिअरबॉक्स नाही हो, साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी ॲक्चुएटर करतो. म्हणजे आत क्लच प्लेट आहेच, आणि ती झिजतेच. उलट चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर लवकर झिजते. खंबाटकीत सगळे तेच करतात. म्हणजे मी ज्या गोष्टीला घाबरून २३ हजार देणार होते त्यातला अर्धा भाग प्लॅनमध्ये नव्हताच!

ॲक्चुएटर होता. पण एका क्लेमला जास्तीत जास्त ४० हजार, आणि गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी म्हणून पार्टच्या किमतीतून ३० टक्के आपले. शिवाय बिघाड शोधायला गिअरबॉक्स उतरवला आणि नंतर त्यांनी क्लेम नाकारला, तर उतरवायची मजुरीही आपलीच. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

आणखी एक अट होती, जिच्यावर ब्रोशरमध्ये एक अक्षर नाही. दर सहा महिने किंवा ५ हजार किमी, जे आधी होईल त्याला, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हिस. एक चुकली की प्लॅन रद्द. आता माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये सर्व्हिस दर १० हजार किमी किंवा एक वर्षाने आहे, माझं रनिंग वर्षाला ८ हजारच्या आसपास, म्हणजे मला दोन वर्षांत दोन सर्व्हिस पुरतात आणि यांच्या हिशोबाने चार. दोन जादा सर्व्हिस, प्रत्येकी साडेचार हजार धरा, नऊ हजार झाले. म्हणजे प्लॅन २३ चा नाही, ३२ चा. (ऑइल बदलून वाईट काही होत नाही हे मान्य, पण मग ते मला माझ्या मर्जीने बदलू द्या ना.)

उंदरांनी वायर कुरतडली तर नाही, पाणी शिरलं तर नाही, ठीक आहे, ते इन्शुरन्सवाल्याला विचारायचं. पण "अयोग्य इंधनामुळे झालेलं नुकसान" पण नाही. मी दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन करून विचारलं की बाबा रे, २०१९ ची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी बनवलेली नाही, आणि आता पंपावर ई२० च मिळतंय, मग फ्युएल पंप गेला तर तुम्ही त्याला अयोग्य इंधन म्हणणार का? तो म्हणाला, विचारून सांगतो. अजून विचारतोय.

मग मी एक शहाणपणाचं काम केलं, जे खरं तर गाडी घ्यायच्या आधी करायला हवं होतं. आधीच्या मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि गाडीची सर्व्हिस हिस्टरी काढून घेतली. त्यात दोन गोष्टी सापडल्या. २०२३ मध्ये, ४१ हजार किमीला, क्लच सेट नवीन टाकलेला. आणि २०२१ मध्ये एकही एंट्री नाही, लॉकडाउनमध्ये त्यांनी घराजवळच्या गॅरेजला ऑइल बदलून घेतलं होतं. पहिली गोष्ट वाचून जीव भांड्यात पडला. दुसरी वाचून पीडीएफचं पान ९ आठवलं, "आधीपासून असलेला दोष" समाविष्ट नाही. उद्या काही झालंच तर हा रिकामा वर्षभराचा गॅप त्यांच्या हातात आयता सापडणार होता.

तरीही निर्णय होईना. आकडे एकीकडे आणि घाट एकीकडे. शेवटी दादाला फोन लावला आणि दादाने त्याच्या साताऱ्याच्या मेस्त्रींना कॉन्फरन्सवर घेतलं, ते म्हणाले, "ताई, क्लच गेला तर देणार हायती का? न्हाई ना? मग पैसं तुमच्याकडंच ठेवा की. ॲक्चुएटर लगीच जात न्हाई, आधी गिअर अडकाय लागतो, लाईट लागती, तवा लगीच दाखवायची, वडत बसायची न्हाई." ॲक्चुएटरचा खर्च विचारला तर म्हणाले पंचवीस ते चाळीस, काय गेलंय त्यावर. पुण्यात नाना पेठेत पार्ट मिळतो, पण बिल घ्या म्हणाले, बिलाशिवाय घेऊ नका.

मग साधा हिशोब केला. २३,३६४ भागिले २४, महिन्याला साधारण ९७४. त्यापेक्षा हजार रुपयांची आरडी काढली, नाव दिलं "गाडी". टोइंगची काळजी होती ती इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स काही शे रुपयांत घालून मिटवली. इन्शुरन्सवरून आठवलं, जुनी गाडी घेतली की पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो, आणि नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो जुन्या मालकाचा. मला वाटलं होतं तो पण आपला झाला.

डीलरला नाही कळवलं तर पाच मिनिटांत फोन, मॅडम साडेचौदाला देतो, जीएसटी धरून. एका नकाराने नऊ हजार उतरतात म्हणजे आत मार्जिन किती असेल! तेव्हा मात्र माझा उरलासुरला डळमळीतपणा गेला.

याचा अर्थ कुणीच घेऊ नये असं नाही. माझ्या मावसबहिणीने मागच्या वर्षी २०२३ ची टर्बो डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडी घेतली, तिच्यावर कंपनीचीच वाढवलेली वॉरंटी होती, ट्रान्स्फर होऊन हिच्या नावावर आली. तिला मी स्वतः सांगितलं की ही सोडू नकोस, तसला गिअरबॉक्स बिघडला तर माझ्या आरडीने काही होणार नाही.

आता पुढचं. एप्रिलमध्ये एसी गार हवा देईना. दोनदा गॅस भरून बघितला, मग कळलं कूलिंग कॉइल लीक आहे, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. कॉइल ५,४००, मजुरी २,४००, गॅस वगैरे १,४००, एकूण ९,२००. घरी येऊन आधी पीडीएफ उघडली, आणि हो, गोल्डमध्ये कॉइल होती. ३० टक्के कापून, गॅस सोडून, ६,१८० रुपये मिळाले असते. आरडीत तेव्हा सातच हप्ते होते. ती मोडली नाही, पगारातून भरले.

नवरा म्हणाला, बघ, घेतला असतास तर. मी म्हटलं, तेवीस हजार भरून सहा परत, वा. तो म्हणाला, अजून दीड वर्ष आहे.

ते मात्र खरं आहे. पुढच्या शनिवारी साताऱ्याला निघालोय, आईला आणायला. मेस्त्रींना सांगून ठेवलंय, एकदा स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग (गाडीच्या कॉम्प्युटरने क्लचचा धरलेला अंदाज) बघा म्हणून.