ग्रीक माणूस मेलबर्नला गेला आणि त्याचं हृदय

मेलबर्नच्या ग्रीकांचं उदाहरण दिलं की हमखास प्रश्न येतो: वजन जास्त, मधुमेह जास्त, मग ही माणसं हृदयविकाराने कमी कशी मरतात? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

1950 ते 1970च्या दशकांत ही मंडळी ऑस्ट्रेलियात गेली. गावी मांस सणासुदीला. तिथे ते स्वस्त आणि रोज परवडणारं. पोटं सुटली, साखर चढली. तरी या पहिल्या पिढीत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण ऑस्ट्रेलियात जन्मलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसलं. मुळात धडधाकट माणसंच देश सोडतात, हे एक कारण. पण दशकं उलटल्यावरही फरक टिकतो, तो नुसत्या त्याने नव्हे.

मांस वाढलं, पण भाजीचं पातेलं चुलीवरून उतरलं नाही. परसात टोमॅटो, फरसबी, व्लिता म्हणजे माठाचा भाऊबंद, आणि आपली घोळसुद्धा. पालेभाजी उकडायची, पाणी निथळायचं, वर ऑलिव्ह तेल नि लिंबू.

फासोलाकिया, म्हणजे तेलात शिजवलेली फरसबीची भाजी, घ्या. चौघांसाठी अर्धा किलो फरसबी, एक मोठा कांदा, दोन-तीन लसूण पाकळ्या, तीन किसलेले टोमॅटो आणि 100 मिली ऑलिव्ह तेल. कांदा तेलात मऊ करा, बाकीचं घाला, जेमतेम पाणी, झाकण, मंद आचेवर पाऊण तास. पाणी आटून नुसतं तेल उरलं की झालं. टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, तेलात शिजल्यावर अंगी लागतं. माणशी 25 मिली तेल, म्हणजे दोनशेवर कॅलरी. म्हणून हेच जेवण, सोबत पाव. लोक इथेच घसरतात: मटणाच्या जेवणात ही तोंडीलावणं म्हणून घेतात, बटर तसंच ठेवून तेल वरून ओततात. तेल बटरच्या जागी यायला हवं.

ऑर्थोडॉक्स चर्चचे उपासही मोठे, काटेकोर पाळले तर वर्षाला 180च्या वर दिवस. मांस, दूध, अंडी बंद. मग कडधान्यं आपोआप येतात. पुढच्या पिढीत उपासाला फ्राइजही चालतात, नियमात बसतात ना! (साबुदाणा खाणाऱ्यांनी हसू नये.)

फेटा (खारट ग्रीक चीज) आणि ऑलिव्हमधलं मीठ मात्र रक्तदाबवाल्यांनी मोजावं. फेटा पाण्यात भिजवला की खारटपणा उतरतो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका: तिच्यातलं व्हिटॅमिन के औषधाचा असर कमी करतं. रोज साधारण तेवढीच खा आणि बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा.