हैदराबादच्या रडारवरचा नांदेडचा पाऊस

मृग नक्षत्र लागले की नांदेडकडे पारावरच्या गप्पांत हल्ली रडारही येते. बी-बियाणे आणून ठेवलेला शेतकरी आधी आभाळाकडे पाहतो, मग मोबाइलवर हैदराबादच्या हवामान रडारचे चित्र उघडतो. आपल्या तालुक्यावर लाल ठिपका दिसला, की तिफण काढायची का, यावर वाद रंगतो.

तो लाल रंग म्हणजे प्रत्यक्ष पाऊस नव्हे. रडार रेडिओ लहरींचा क्षणिक झोत सोडते आणि थेंबांवर आपटून परतणाऱ्या क्षीण लहरींची वाट पाहते. या लहरी सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतात, म्हणून परतायला लागलेल्या वेळेवरून ढगाचे अंतर कळते; परतलेल्या लहरींतील सूक्ष्म फरकावरून थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही डॉप्लर रडार सांगते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधणाऱ्यांना पावसाची ही खूण म्हणजे नसती कटकट वाटे. हवामानशास्त्राने त्या कटकटीचेच सोने केले.

खरी गोम थेंबांच्या आकारात आहे. परतणाऱ्या लहरींचे बळ थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते. 2 मिलिमीटरच्या थेंबात 1 मिलिमीटरच्या थेंबाच्या आठपट पाणी असते, पण रडारला तो चौसष्टपट दिसतो. त्यामुळे मोजक्याच टपोऱ्या थेंबांनीही चित्र भडक होते आणि दाट रिमझिम फिकी पडते. गारा तर विशेष झळकतात. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट सोसलेल्या मराठवाड्यात या झळाळीचे कौतुक कोणाला वाटणार?

त्यात अंतराची अडचण आहे. हैदराबाद नांदेडपासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अर्धा अंश वर रोखलेला झोतसुद्धा, पृथ्वीच्या गोलाईमुळे, इथे पोहोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे 5 किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. त्या उंचीवर दिसलेले थेंब जूनच्या कोरड्या हवेत वाटेतच विरून गेले, तर चित्र लाल आणि शेत कोरडे. म्हणून मी एका चित्रावर विसंबत नाही; लागोपाठची चित्रे पाहून ढग कुठे सरकतो आहे, तेवढेच ताडतो. पेरणीसाठी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल यावी लागते. अतिवृष्टीची नोंदही महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या आकड्यावरच होते, 24 तासांत 65 मिलिमीटर. मग शेजारच्या शिवारात ढगफुटी झालेली रडारने पाहिली असली तरी.